शेतकऱ्याचें नांव आणि अंगठा

आमच्या जालना जिल्ह्यांतील अंबड व घनसावंगी या तालुक्यांचें अनुदान-प्रकरण २०२५ सालीं उघडकीस आलें, तें वाचकांच्या स्मरणांत असेलच. २०२२ ते २०२४ या काळांत अतिवृष्टीनें व गारपिटीनें पिकें बुडालेल्या शेतकऱ्यांकरितां आलेल्या मदतीपैकीं सुमारें २५ कोटि रुपयांचा अपहार झाल्याचें चौकशींत दिसून आलें. अनेक तलाठी निलंबित झाले, अंबड येथें गुन्हा नोंदला गेला. दोषी कोण हें न्यायालय ठरवील. आम्हांस येथें पाहावयाची आहे ती कामाची रीत. ज्यांस गुंठाभर जमीन नाहीं त्यांचीं नांवें यादींत चढलीं, कोणाचें क्षेत्र फुगविलें गेलें, एकाच नांवावर पुन्हां रक्कम निघाली, आणि वरिष्ठांचे लॉगिन व पासवर्ड खालच्यांनीं वापरले, असा आरोप आहे. तिजोरी फोडावी लागलीच नाहीं. नांव पुरे झालें.

पैसा सरकारचा गेला, आमचें काय गेलें, असें कोणी म्हणेल. ज्याच्या कपाशीचीं बोंडें पाण्यांत कुजलीं व ज्याच्या हातीं छदामहि पडला नाहीं, त्यास हा प्रश्न विचारून पाहावा.

कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन मागाहून मजकूर भरण्याची सावकारी युक्ति आपल्या पूर्वजांनीं भोगली आहे. १८७५ सालीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं खतपत्रें जाळलीं, ती याच संतापानें. पुढें १८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्याचा दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारासमक्ष लिहिला जावा असें ठरलें. (आमचा मुलूख तेव्हां मोगलाईंत असल्यामुळें हें संरक्षण आम्हांस नव्हतें.) आज शाई गेली, परंतु अंगठा राहिला आहे. आधारशीं जोडलेल्या खात्यांतून गांवांतल्या यंत्रावर केवळ आधार क्रमांक व अंगठा यांवर रक्कम निघते. कार्ड लागत नाहीं, ओ.टी.पी.हि लागत नाहीं. सबब ‘ठसा नीट उमटला नाहीं, पुन्हां ठेवा’ असें कोणी म्हणतांच पहिल्या वेळेची पावती मागावी. आधारच्या संकेतस्थळावर बोटांचे ठसे कुलुपबंद ठेवण्याची सोय आहे. काम पडेल तेव्हांच तें कुलूप काढावें. जेथें चालेल तेथें शेवटचे चारच आंकडे दिसणारी आधारची प्रत द्यावी, व प्रतीवर कारण आणि तारीख आपल्या हातानें लिहावी.

‘किसान सन्मानाचा हप्ता अडकला आहे’ असा संदेश व त्यासोबत ए.पी.के. नांवाची फाइल येते. ती उघडून बसविली कीं, भ्रमणध्वनीवरील संदेश परक्याच्या हातीं जातात आणि खातें रिकामें होतें. पैसा गेलाच, तर लाजेपोटीं रात्र घालवूं नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून गेली नसेल तोंवरच ती अडवितां येते.

इतकें सर्व पाळूनहि अंबडासारखें प्रकरण थांबलें नसतें, हें आम्ही स्पष्ट म्हणतों. तेथें चोरी शेतकऱ्याच्या दारीं झाली नाहीं, यादींत झाली. आणि यादी गांवानें वाचली असती, तर भूमिहीनाच्या नांवावरील एकरें पहिल्याच दिवशीं हंशाचा विषय झालीं असतीं. सात-बाराचें चावडीवाचन आपणांस ठाऊक आहे. तसेंच प्रत्येक अनुदानाच्या यादीचें वाचन रक्कम वाटण्यापूर्वीं ग्रामसभेंत व्हावें: नांव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, रक्कम. आधार व खाते क्रमांक मात्र त्यांत मुळींच नसावेत. नाहींतर एका चोराला हाकलून दुसऱ्यास आमंत्रण दिल्यासारखें होईल. यावर वेळ जाईल व मदत लांबेल, असा आक्षेप कचेरींतून येईल. दोनशें नांवें वाचावयास अर्धा तास पुरतो.

सभासदांनीं ही मागणी आपापल्या ग्रामसभेंत लेखी मांडावी, ठरावाची नक्कल तहसील कचेरींत द्यावी व पोंच घ्यावी. सभेस येतांना ज्यानें त्यानें आपला आठ-अ चा ताजा उतारा बरोबर आणावा.