बीजगणिताची उत्तरपत्रिका आणि पश्चिमेला वाहणारी तापी

१/ दहावीच्या बीजगणिताच्या उत्तरपत्रिकांमध्ये एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले आहे : ‘परंतु वेग ऋण नसतो.’ वर्गसमीकरण सुटते, दोन मुळे येतात, त्यांतील एक या वाक्याने बाद होते. हे वाक्य पाठ करवून घेणे ही गणिताची हानी आहे, असे माझे मत आहे. त्याचा पुरावा खानदेशातच सापडतो.

२/ आरंभ प्रकाशापासून करू. शहादा तालुक्यातील हे गाव तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसले आहे. केदारेश्वरामुळे भाविक त्याला दक्षिण काशी म्हणतात. १९५४-५५ मध्ये बा. कृ. थापर यांनी येथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती उजेडात आणली. म्हणजे या काठावर माणूस सहस्रावधी वर्षे नदीचा प्रवाह पाहत आला आहे.

३/ आता परीक्षेत हमखास भेटणारे उदाहरण या काठावर मांडू. संथ पाण्यात नाव ताशी १० किमी जाते. प्रवाहाविरुद्ध २४ किमी जाऊन तेवढेच अंतर परत येण्यास तिला एकूण ५ तास लागतात. तर प्रवाहाचा वेग किती?

४/ प्रवाहाचा वेग क्ष मानू.
२४/(१० − क्ष) + २४/(१० + क्ष) = ५
४८० = ५(१०० − क्ष²)
क्ष² = ४, म्हणून क्ष = २ किंवा क्ष = −२.
येथे विद्यार्थी ते वाक्य लिहितो, −२ खोडतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

५/ पण −२ मूळ समीकरणात ठेवून पाहा. २४/१२ + २४/८ = २ + ३ = ५. समीकरण तंतोतंत जुळते. मग हे उत्तर सांगते तरी काय? जाताना ३ तास आणि येताना २, याऐवजी जाताना २ आणि येताना ३. म्हणजे ज्या दिशेला आपण ‘प्रवाहाविरुद्ध’ म्हटले, तीच प्रवाहाची दिशा होती. प्रश्नाने दिशा आधीच ठरवून दिली आहे, म्हणून −२ येथे घ्यायचे नाही. बाद करण्याचे खरे कारण हे आहे. वेग ऋण नसतो, हे नव्हे.

६/ महाराष्ट्राच्या पठारावरच्या गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेकडे वाहतात आणि तापी पश्चिमेकडे. पूर्व दिशा धन मानली तर प्रकाशाच्या तापीचा वेग ऋणच लिहावा लागेल. हाच विद्यार्थी विज्ञानाच्या पुस्तकात ‘चाल’ आणि ‘वेग’ यांतला भेद शिकतो : चालीला दिशा नसते, वेगाला असते. गणिताच्या तासाला मात्र तो नेमके उलटे लिहितो, आणि कोणी त्याला टोकत नाही.

७/ आता इतिहास. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ.स. १११४) चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानले जातात. दहावीच्या पुस्तकातील ‘श्रेढी’ हा शब्दही लीलावतीत आहे.

८/ ‘बीजगणिता’त एक उदाहरण येते. वानरांच्या कळपाचा पाचवा हिस्सा घ्या, त्यातून ३ वजा करा, उरलेल्याचा वर्ग करा. तितके वानर गुहेत शिरले. एक फांदीवर दिसतो आहे. तर कळप किती? मुळे दोन : ५० आणि ५. दोन्ही धन!

९/ ‘ऋण मूळ खोडा’ एवढेच शिकलेला मुलगा येथे दोन्ही उत्तरे लिहून मोकळा होईल. भास्कराचार्य मात्र ५ नाकारतात. पाचाचा पाचवा हिस्सा १, आणि त्यातून ३ वानर काढता येत नाहीत. अशा ऋण वस्तुसंख्येवर लोकांची प्रतीती बसत नाही, हे त्यांचे कारण. शेजारच्याच उदाहरणात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळतो आणि १२ वानर टेकडीवर आहेत. तेथे ४८ आणि १६ ही दोन्ही उत्तरे ते स्वीकारतात.

१०/ आणि लीलावतीत? बाजू १० आणि १७, पाया ९ असा त्रिकोण. लंबामुळे पडणारे पायाचे खंड येतात −६ आणि १५. येथे ते ऋण उत्तर खोडत नाहीत. त्याचा अर्थ सांगतात : हा खंड विरुद्ध दिशेला आहे. लंब पायाच्या बाहेर पडतो. वानरांच्या बाबतीत ऋण अग्राह्य, भूमितीत ऋण म्हणजे दिशा. निर्णय चिन्ह पाहून होत नाही, प्रश्न पाहून होतो.

११/ ही विद्या टिकावी म्हणून खानदेशाने पैसाही मोजला आहे. आचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघणाचे ज्योतिषी. त्यांनी चाळीसगावनजीक पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. तेथील शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांचे लक्ष वेधले. त्याचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे : पाटणच्या बाजारात गिऱ्हाइकांकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला आहे. बाजारहाट करणाऱ्या सामान्य माणसाने गणिताच्या अध्ययनाचा भार उचलला होता.

१२/ कोणी म्हणेल, दोन तासांच्या, ४० गुणांच्या परीक्षेत एवढा विचार करायला सवड कुठे आहे? आक्षेप रास्त आहे. पण ‘प्रवाहाची दिशा दिलेली आहे, म्हणून −२ अग्राह्य’ हे वाक्य त्या पाठ केलेल्या वाक्याहून फार लांब नाही. मुळे मूळ समीकरणात ठेवून पाहायला दोन ओळी पुरतात. वेळ कमी पडतो हे खरे कारण नाही. आपण तसे मागत नाही, म्हणून मुले तसे लिहीत नाहीत.

१३/ म्हणून शिक्षकांना आणि परीक्षकांना एकच विनंती. उत्तर बाद करणाऱ्या वाक्याला गुण देऊ नका, बाद करण्याच्या कारणाला द्या. प्रकाशाच्या घाटावरच्या मुलीने वहीत ‘वेग ऋण नसतो’ असे लिहिले, तर तिला एकदा नदीकडे पाहायला सांगा आणि पूर्व कोणत्या बाजूला आहे ते विचारा.

(धागा समाप्त)