दोन इंच खाली

कोल्हापूरला आमच्या आक्काच्या दारात १९९३ सालापासून एक कॉन्टेसा उभी आहे. पांढरी, लांबलचक, आणि मेहुणे हयात होते तोवर दर रविवारी पाइप लावून धुतली जाणारी. मेहुण्यांची शाहूपुरीत गुळाची पेढी होती. गाडीसाठी बँकेचे कर्ज घ्यायचे ठरले तेव्हा कागद समजावून सांगायला त्यांनी मला बोलावून घेतले, कारण मी बँकेत अधिकारी. त्या कागदांतला 'नजरगहाण' हा शब्द त्यांना भारी आवडला. गाडी तुमच्या दारात, किल्ली तुमच्या खिशात, पण हप्ते फिटेपर्यंत बँकेची नजर तिच्यावर, असा मी अर्थ सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे संसार सुनेचा आणि नजर सासूची!"

हप्ते फिटले, मेहुणे २०१६ साली गेले, गाडी राहिली. भाच्याचा उद्यमनगरात लेथचा कारखाना आहे. तीन-चार वर्षांपूर्वी मी तिकडे गेलो असताना जेवणानंतर तो हळूच म्हणाला, "मामा, गाडी दोन इंच खाली घ्यायची म्हणतोय."

मला आधी कळलेच नाही. आमच्या पिढीचे सगळे आयुष्य वर जाण्यात गेले. सायकलवरून स्कूटरवर, स्कूटरवरून मोटारीत, कारकुनाच्या खुर्चीवरून काचेच्या केबिनीत. आणि हा मुलगा बापाची धडधाकट गाडी जमिनीकडे न्यायची म्हणत होता! आक्का आतून ओरडली, "त्यांची गाडी आहे ती. ताठ राहू दे."

पण भाच्याचे म्हणणे अगदीच खुळचट नव्हते. कॉन्टेसा मुळात इंग्लंडातल्या व्हॉक्सहॉल कंपनीची गाडी. तिकडे तिचे उत्पादन १९७८ साली थांबले आणि हिंदुस्थान मोटर्सने ती १९८४ साली आपल्या बाजारात आणली. सुरुवातीला तिच्यात ॲम्बेसेडरचेच इंजिन होते. एवढे धूड ओढताना ते बिचारे धापा टाकी. पुढे १.८ लिटरचे इसुझू इंजिन आले आणि गाडीत जीव आला. आमची त्यातलीच. मऊ गाद्या, मऊ स्प्रिंगा, मागे पाय पसरून बसण्याइतकी ऐसपैस जागा. आमच्या बँकेचे बडे साहेब तपासणीला यायचे ते अशाच गाडीतून. पण हा मऊपणा सरळ रस्त्यावरचा. वळणावर ती होडीसारखी कलते, आणि जोरात ब्रेक दाबला की नाक खाली घालते. वजन जमिनीजवळ आणले तर कलणे कमी होते, हे भौतिकशास्त्र शाळेतलेच आहे. शिवाय गाडी खाली बसली की देखणी दिसते, हे भाचा बोलला नाही, पण त्याच्या डोळ्यांत होते.

आम्ही नको म्हटले आणि त्याने ते केले. रस्त्याकडेच्या एका गॅरेजात, एका दुपारी, ग्राइंडरने. पुढच्या स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे कापले आणि मागची बाजूही तशीच खाली बसवली.

त्यानंतर महिनाभरात आम्ही गणपतीपुळ्याला निघालो. भाचा चालवत होता, शेजारी मी, मागे आक्का, सूनबाई आणि दोन नातवंडे. शहरात गतिरोधकांवर पोट घासत होते तेव्हा मुले हसत होती. नियमाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा लागतो. आपल्या गल्लीबोळांतले गतिरोधक ज्याने त्याने आपल्या रागाच्या प्रमाणात घातलेले. आंबा घाट उतरताना मात्र कुणी हसत नव्हते. एका वळणावर ब्रेक लागला, नाक खाली गेले, त्यातच चाक खड्ड्यात पडले आणि डाव्या बाजूचा पुढचा टायर मडगार्डच्या कडेवर घासून फुटला. गाडी कठड्यापासून दीड हातावर थांबली. आक्का काही बोलली नाही. तिने दोन्ही नातवंडांचे हात धरले आणि कडेला जाऊन उभी राहिली. तिचे ते न बोलणे भाच्याला अजून ऐकू येते.

गाडी परत आणून मेहुण्यांच्या वेळच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली, खालून बॅटरी मारून पाहिले आणि विचारले, "कुणी कापली?" भाचा मान खाली घालून उभा. मग त्यांनी मला, बहुधा मी बँकवाला म्हणून, हिशेब समजावून सांगितला.

स्प्रिंगचे वेढे कमी केले की ती नुसती आखूड होत नाही, कडकही होते. आठ वेढ्यांतले दोन कापले तर उरलेली स्प्रिंग सुमारे एक तृतीयांशाने अधिक कडक होते. तिला आवरायचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे, पण तो जुन्याच मापाचा आणि जुन्याच ताकदीचा. तो मधल्या पट्ट्यात चालण्यासाठी केलेला असतो. आता तो कायम तळाशी दबलेला. त्याच्याही खाली रबराचा ठोकळा असतो, तो शेवटच्या धक्क्यासाठी. मिस्त्री म्हणाले, "उंबरठ्यावर वर्सातनं एकदा डोकं आपटलं तर चालतंय. तुमची गाडी रोज आपटाय लागलीया." पुन्हा चाक हवेत लोंबकळले की आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. पुढची चाके कललेली, त्यामुळे टायर एका कडेने झिजलेले. दोन वेढे कापायला अर्धा तास लागला होता. त्याने काय काय बिघडले ते सांगायला मिस्त्रींना त्याहून जास्त वेळ लागला.

त्यानंतर त्यांनी जे केले ते मी तीन दिवस स्टुलावर बसून पाहिले. आधी सगळे रबरी बुश काढले. तीस वर्षांत त्यांची खडी साखर झाली होती. बॉल जॉइंट बदलले. भाच्याने मापे घेऊन योग्य जाडीच्या तारेच्या स्प्रिंगा मुद्दाम वळवून आणल्या, त्यांना साजेसे आखूड शॉक ॲब्सॉर्बर मिळवले. मग चाकांचे अलाइनमेंट. शेवटी गाडीत पाच माणसे आणि डिकीत दोन पोती घालून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिले, चाक कुठे टेकते का. दोन इंच नव्हे, एकच इंच खाली घेतली. मिस्त्री म्हणाले, "निम्मं कलणं मेलेल्या रबराचं आणि शॉकअपचं होतं. ते बदललं की एक इंच पुरं." खर्च गॅरेजवाल्याच्या वीस-पंचवीस पट झाला. पण त्या गाडीत बसून मी पुन्हा आंबा घाट उतरलो आणि तीस वर्षांच्या ओळखीत प्रथमच त्या गाडीवर माझा विश्वास बसला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ही जागा अडवली नसती. पुढे २०२३ साली नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली. खाजगी मोटारीला पंधरा वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी या परीक्षेला बसावे लागते. भाचा सरळ मुलगा. त्याने परिवहन कार्यालयात चौकशी केली की स्प्रिंगा बदलल्या आहेत, त्याची नोंद करून घ्यायची असेल तर अर्ज कोणता? असा अर्जच नाही, असे उत्तर मिळाले. बाहेर एजंट उभा होता. तो म्हणाला, "एका दिवसापुरत्या जुन्या स्प्रिंगा घाला, पास करून घ्या, परत या बसवा. सगळे तेच करतात."

आमच्या जुन्या स्प्रिंगा तर कापलेल्या. मग दुसऱ्या एका कॉन्टेसाच्या स्प्रिंगा एका दिवसाच्या बोलीने आणल्या. त्या थकलेल्या, गंजलेल्या, एक दुसरीपेक्षा बसकी. त्या घातलेली गाडी पास झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या काढून चांगल्या बसवल्या. म्हणजे कायद्याने धोकादायक गाडीवर शिक्का मारला आणि सुरक्षित गाडी बेकायदा ठरवली. आणि या नाटकात मी, आयुष्यभर लोकांच्या खऱ्याखोट्यावर सह्या केलेला माणूस, पाना हातात घेऊन उभा होतो.

मला त्या दिवशी मार्चअखेर आठवली. शाखाधिकारी असताना ३१ मार्चला आम्ही ओळखीच्या व्यापाऱ्यांना विनवून दोन दिवसांसाठी ठेवी आणत असू. ताळेबंद फुगे, वरून शाबासकीचे पत्र येई, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पैसे जसे आले तसे जात. मीही हे केले आहे. कर्जखात्यांचेही तेच. हातात न आलेले व्याज उत्पन्न म्हणून दाखवले जाई. १९९१ च्या नरसिंहम समितीनंतर रिझर्व्ह बँकेने १९९२-९३ पासून नियम बदलले: वसूल न झालेले व्याज उत्पन्नात धरायचे नाही, थकीत खात्याला थकीतच म्हणायचे. एका वर्षात माणसे प्रामाणिक झाली असे नव्हे. विचारला जाणारा प्रश्न बदलला. कागद कसा दिसतो याऐवजी खाते कसे आहे, असे विचारले जाऊ लागले. मोटारीच्या कायद्यात तो प्रश्न अजून बदललेला नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीत लिहिलेला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. आता 'बदल' म्हणजे काय? वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य पालटेल असा रचनेतला बदल, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण आहे. एक इंच आखूड स्प्रिंग हे मूलभूत वैशिष्ट्य झाले का? याचे उत्तर खिडकीपलीकडच्या कारकुनाने द्यायचे, आणि तो स्वाभाविकपणे 'नाही जमणार' असेच देणार. मीही खिडकीपलीकडे बसलो आहे. नाही म्हणणाऱ्याची चौकशी होत नाही.

कायद्याला कारण नाही असे मुळीच नाही. ट्रकची हौदे उंच करणारे, बसच्या सांगाड्यात जादा बाके ठोकणारे, कानठळ्या बसवणारे सायलेन्सर लावणारे आपण रोज पाहतो. ग्राइंडर घेऊन बसलेल्या त्या गॅरेजवाल्याला मोकळे रान द्या, असे मी म्हणत नाही. त्याने माझी बहीण आणि तिची नातवंडे कठड्यापाशी नेली होती. माझी तक्रार अशी की कायद्याच्या लेखी तो गॅरेजवाला आणि आमचे मिस्त्री एकाच पंगतीचे आहेत. दोघांचेही काम लपवायचेच. आणि सगळेच लपवायचे असेल तर गिऱ्हाईक स्वस्त माणसाकडे जाते.

नुसत्या बंदीने काय होते, याचा एक दाखला भाच्यानेच मला सांगितला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या तरुणांना आपल्या मोठ्या शेव्हरोले गाड्या जमिनीलगत बसवून संथपणे मिरवायची हौस. १९५८ साली तिथे कायदा आला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली असता कामा नये. दुसऱ्याच वर्षी रॉन अग्वायर नावाच्या तरुणाने आपल्या गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की खटका दाबायचा, गाडी वर. पोलीस गेला की पुन्हा खाली. पुढे त्याचीच मोठी कला झाली. ती बंदी उठवणाऱ्या कायद्यावर सही झाली ती २०२३ साली. पासष्ट वर्षे सरकार आणि गाडीवाले खटका-खटका खेळत राहिले. आमच्या उसन्या स्प्रिंगा म्हणजे त्याच खटक्याची गरीब आवृत्ती.

जर्मनीत वेगळी रीत आहे. तिथे आखूड स्प्रिंगा चाचणीच्या दाखल्यासह विकल्या जातात. त्या बसवल्यावर मान्यताप्राप्त तपासनीस गाडी पाहतो, मोजतो, आणि बदलाची नोंद गाडीच्या कागदांत होते. कापलेली स्प्रिंग तिथे टिकत नाही, कारण तिच्याकडे दाखला नसतो.

आणि इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्याच कलम ५२ मध्ये सीएनजी किटची सोय आहे. मान्यताप्राप्त किट, अधिकृत बसवणारा, तपासणी, आणि नोंदणी पुस्तकात नोंद. अपंग व्यक्तीसाठी गाडीत फेरफार करायलाही कायदा वाट देतो. स्फोटक वायूची टाकी डिकीत ठेवण्याचे शास्त्र ज्या खात्याला जमते, त्याला एका स्प्रिंगचे का जमू नये? तपासायचे तरी काय? भरलेल्या गाडीत चाक कुठे टेकते का, जमिनीपासून किमान उंची किती, ब्रेकची नळी ताणली जाते का, दिव्यांचा झोत बरोबर पडतो का, आणि स्प्रिंग कापलेली आहे की मापाने वळवलेली. अर्ध्या तासाचे काम. त्यासाठी फी घ्या, जबर घ्या. पण पाहा. गाडी खरी कशी आहे ते पाहा आणि लिहून ठेवा.

आपल्याकडे जुन्या गाड्या संपणार नाहीत. सगळ्यांना नवी घेणे परवडत नाही, आणि काहींना बापाची सोडवत नाही. त्या चाळीस वर्षे चालणार असतील तर त्यांच्या पोटाखालची प्रत्येक रबरी चकती, प्रत्येक स्प्रिंग केव्हा ना केव्हा बदलावीच लागेल, आणि मूळ कंपनीचा भाग मिळणार नाही, कारण कॉन्टेसाचे उत्पादन २००२ मध्येच बंद झाले. मग ते काम उजेडात होऊ द्यायचे की अंधारात, एवढाच प्रश्न उरतो.

हा लेख छापण्यापूर्वी मी भाच्याला वाचून दाखवला. तुला अडचण होईल का, म्हणून विचारले. तो म्हणाला, "लिहा की मामा. गाडीचा नंबर तेवढा टाकू नका." आक्का शेजारीच बसली होती. गाडी खाली घ्यायला तिचाच सर्वांत मोठा विरोध. आता तिचे गुडघे दुखतात, आणि तिची एकच प्रतिक्रिया होती: "चढायला आता बरं पडतंय. पण ते एका दिवसाचं खोटं पुन्हा करू नका."

पुढचे नूतनीकरण २०२८ साली आहे. तोपर्यंत एक अर्ज छापून होतो का, ते पाहायचे.