गोळी तीच, रुग्ण निराळा

खोकल्यावर सर्रास दिले जाणारे अॅम्ब्रॉक्सॉल कंपवाताची वाटचाल मंदावू शकेल का, हे पाहणारी मोठी चाचणी ब्रिटनमध्ये सुरू आहे. आपल्याकडे औषधाच्या दुकानात याची ३० मिलिग्रॅमची गोळी मिळते. लंडनच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक प्रयोगात १७ रुग्णांची मात्रा दिवसाला १,२६० मिलिग्रॅमपर्यंत नेली होती. म्हणजे अशा ४२ गोळ्या. औषध मेंदूपर्यंत पोहोचते, इतके त्यातून दिसले. रोग थांबल्याचे सिद्ध झाले नाही. तेव्हा हे वाचून कोणी परस्पर गोळ्या आणायला धावू नये.

या प्रयोगामागे जीबीए-१ हे जनुक आहे. त्याच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर गॉशे हा दुर्मीळ आजार होतो. एकच सदोष असेल तर गॉशे होत नाही, पण कंपवाताचा धोका वाढतो. पेशीतला कचरा निस्तरणारे विकर कमी पडते आणि अॅम्ब्रॉक्सॉल त्यालाच टेकू देईल, अशी आशा आहे. कंपवाताच्या साधारण १० ते १५ टक्के रुग्णांत असा एखादा जनुकीय धागा सापडतो. उपचाराची सुरुवात मात्र बहुतेकांची लेवोडोपानेच होते. ते गैर नाही; साठच्या दशकापासून याहून प्रभावी औषध हाती आलेले नाही.

पण जनुकावर बेतलेले औषध येईपर्यंत जनुक पाहायचेच नाही, हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. पार्किन या जनुकातील दोषामुळे तिशीत किंवा त्याआधीच कंपवात जडलेल्यांना लेवोडोपाची थोडी मात्राही छान लागू पडते. मात्र अंगाच्या अनावर हालचालीही लवकर मागे लागू शकतात. अशा वेळी मात्रा जपून वाढवायला हवी. जीबीए-१ चा दोष असणाऱ्यांची स्मृती आणि आकलन तुलनेने लवकर ढासळते. मेंदूत तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्यात ही घसरण अधिक वेगाने झाल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. लाखो रुपये मोजून कुटुंब या शस्त्रक्रियेला होकार देते, तेव्हा त्याला हे आधी सांगायला नको?

परदेशातील निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू होतील, असेही नाही. उत्तर आफ्रिकेतील अरब-बर्बर आणि अश्केनाझी ज्यूंमध्ये कंपवाताशी जोडलेल्या एलआरआरके-२ या जनुकाचा जो बदल वारंवार दिसतो, तो भारतीय रुग्णांत क्वचितच सापडतो. नायजेरियातील रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा कुठे २०२३ मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांमधला जीबीए-१ चा वेगळा बदल उजेडात आला. आपल्याकडेही बघावे लागेल. पार्किनचा आजार दोन्ही प्रती सदोष असल्यावर होतो आणि नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी सोयरीक जुळवण्याची रीत महाराष्ट्रात नवी नाही.

म्हणून पन्नाशीच्या आत कंपवात झालेल्यांची आणि घरात आधी कोणाला तो असलेल्यांची जनुकीय तपासणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मोफत व्हावी. सोबत समुपदेशक हवाच. कारण अहवाल एकाचा असला, तरी तो वाचून मुलांची आणि भावंडांची झोप उडते. दुसरी भीती विम्याची. आरोग्य विम्यातून जनुकीय आजार सरसकट वगळणे भेदभावाचे असल्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले होते. जनुकीय माहितीचा गैरवापर रोखणारा स्वतंत्र कायदा मात्र देशात नाही. तो करण्यासाठी एखादे नवे औषध बाजारात येण्याची वाट पाहायचे कारण नाही.