ऊस वाहणाऱ्यांचे डोळे

गळिताचा हंगाम सुरू झाला की माळेगाव बुद्रुक येथील सहकारी साखर कारखान्याच्या वाटेस उसाने लादलेले ट्रॅक्टर लागतात. ह्यांतील पुष्कळ ट्रॅक्टर उघडे. चालकापुढे काच म्हणून नाही. दिवसा धूळ व पाचटाची कुसळे, रात्री दिव्याकडे झेपावणारी चिलटे, ही थेट त्याच्या डोळ्यांत शिरतात.

हा प्रश्न केवळ डोळे चुरचुरण्याचा नव्हे. पाल्याने बुबुळ खरचटले असता त्यात बुरशी शिरून व्रण होतो, फूल पडते, प्रसंगी दृष्टीही जाते. अशा वेळी वैद्यकीय सल्ल्यावाचून घातलेले स्टिरॉइडचे थेंब हा उपाय नव्हे, अपाय होय.

खरा उपाय अल्पमोली आहे. शोभेचा काळा चष्मा बाजूंनी उघडा असतो, आणि रात्री तो वापरणे म्हणजे हाताने अंधार ओढवून घेणे. साधी काच फुटली तर तिचेच तुकडे डोळ्यांत जातात. यास्तव पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनी झाकलेला, वाफ जाण्यास छिद्रे असलेला पारदर्शक गॉगल घ्यावा. नंबरवाल्याने चष्म्यावर बसणारा निवडावा. ओरखडे पडताच तो बदलावा.

परंतु हा भार पगारी चालकानेच का सोसावा? ऊसवाहतुकीच्या करारातच गॉगल पुरविण्याची अट असावी, अशी मागणी सभासद शेतकऱ्यांनी वार्षिक सभेत करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. सहकार म्हणजे केवळ लाभाची वाटणी नव्हे, जोखमीचीही आहे.