मूल वाटेवर, हजेरीपट गावात

एप्रिलच्या सुमारास जम्मूच्या मैदानात ऊन तापू लागले, की बकरवाल कुटुंबे शेळ्या-मेंढ्या, घोडी आणि सारा संसार घेऊन पीर पंजालच्या घाटांकडे निघतात. वाटेत कित्येक आठवडे जातात. उन्हाळा उंच कुरणांत काढून थंडीपूर्वी ती पुन्हा खाली उतरतात. मुले अर्थातच बरोबर असतात. शाळेच्या दप्तरी मात्र अशा मुलांची नोंद बहुधा ‘गळती’ अशी होते. वस्तुतः मूल गळालेले नसते. ते पुढच्या मुक्कामी गेलेले असते.

‘मुले शिकवायची तर भटकणे सोडा,’ हा सल्ला सरकारी बैठकांत मी अनेकदा ऐकला. त्यामागची मनोवृत्ती जुनी आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातील अनेक फिरत्या समूहांना जन्मतःच संशयित ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु स्थिर पत्ता नसलेला माणूस हा अपुरा नागरिक, ही समजूत कारभारात टिकून राहिली. पशुपालन हा या कुटुंबांचा व्यवसाय आहे, लहर नव्हे. शिक्षण आणि उपजीविका यांतून एकाची निवड करण्यास त्यांना भाग पाडणे न्याय्य नाही.

२००९चा शिक्षण हक्क कायदा २०१९ नंतर जम्मू-काश्मीरलाही लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमानुसार मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. दाखल्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरतूद उत्तम आहे. परंतु मूल एका शाळेतून निघून थेट दुसऱ्या शाळेत पोहोचते, असे ती गृहीत धरते. दोन शाळांच्या मधल्या वाटेविषयी कायदा मौन पाळतो.

ती वाट जोडण्याचा मार्ग आपल्याला अपरिचित नाही. गुज्जर-बकरवालांसाठी फिरत्या शाळांचा प्रयोग जम्मू-काश्मीरमध्ये १९७०च्या दशकापासून झाला आहे. मात्र त्या मुख्यतः प्राथमिक वर्गांपुरत्या राहिल्या आणि त्यांचा भार मानधनावरील हंगामी शिक्षकांवर पडला. आज गरज आहे ती नियमित पदांची, शक्यतो त्याच समाजातील शिक्षकांची, आणि स्थलांतराच्या वेळा पाहून आखलेल्या परीक्षांची. पाचवीनंतर हिवाळी मुक्कामाजवळ वसतिगृह हवे. पण ते पालकांच्या पसंतीने, सक्तीने नव्हे. मुख्य म्हणजे पटनोंदणी आणि निधी इमारतीऐवजी मुलामागे चालले पाहिजेत.

हे खर्चिक आणि अव्यवहार्य आहे, असे म्हटले जाईल. पण ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. धान्याचा हक्क माणसामागे चालू लागला. गीरच्या जंगलात बाणेज येथे एकाच मतदारासाठी मतदान केंद्र उभारले जाते आणि त्या खर्चाविषयी कोणी तक्रार करत नाही, कारण मताधिकाराचे मोल आपण मान्य केले आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा शिक्षणाचा हक्कही संविधानानेच दिलेला आहे. मतदाराकडे चालत जाणाऱ्या प्रशासनाला त्या मुलाकडे जाण्याची वाट सापडत नाही, असे मानणे कठीण आहे.