शस्त्रक्रियेनंतरची बाकी

गुडघ्याची शस्त्रक्रिया पार पडली, टाके निघाले, काठी सुटली, की आपले व्यापारी बंधू पेढीवर येऊन बसतात आणि व्यायामास रजा देतात. आमच्या मते खरे काम येथूनच पुढे आहे. सुजलेला गुडघा मांडीच्या पुढील स्नायूस नीट आकसू देत नाही. स्नायू झिजतो, आणि धडधाकट पाय मुकाट्याने दुसऱ्याचाही भार वाहू लागतो. ‘रोज दोन मैल चालतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांच्या चालण्यातही पुष्कळदा हीच उसनवारी असते! ती नुसत्या चालण्याने फिटत नाही. दुर्बळ पायास एकट्यानेच वजन उचलावयास लावले पाहिजे.

अमेरिकी सैन्यातील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी 1945 साली हा मार्ग मांडला. जायबंदी गुडघ्यांच्या सैनिकांच्या पायांत लोखंडी जोडा अडकवून ते भार उचलून घेत. पुढे त्यांनी पद्धत सुटसुटीत केली. जे वजन जेमतेम 10 वेळा उचलवते, त्याचे निम्मे 10 वेळा, मग पाऊण हिस्सा 10 वेळा, शेवटी पुरते 10 वेळा. ताकद वाढेल तसे वजन वाढवावयाचे. आरंभ केव्हा व कितीने करावा, हे मात्र शस्त्रक्रियेचा प्रकार पाहून डॉक्टरांनीच ठरवावे.

‘साठीनंतर वजने कसली?’ हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. वृद्धांचे स्नायूही भाराने बळावतात. सामायिकाची 48 मिनिटे खुशाल खुर्चीवर बसावे. उठताना दोन्ही पायांवर सारखा भार पडतो की नाही, एवढे घरच्यांनी पाहावे.