परिसराची राखण

'परिसर' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. विद्यापीठाच्या इमारती, मैदाने व वृक्षराजी यांनी व्यापलेले आवार, हा एक अर्थ. माणूस जिथे राहतो तिथली जमीन, पाणी, वनस्पती व प्राणी, हा दुसरा. प्राथमिक शाळेतील 'परिसर अभ्यास' या विषयात हा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. उच्च शिक्षणात मात्र पर्यावरण-संवर्धनाचा विचार बहुधा पहिल्या अर्थापाशीच थांबतो. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने हे दोन्ही अर्थ एकत्र आणावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विद्यापीठांनी आपल्या आवारात केलेले काम निश्चितच मोलाचे आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने पावसाचे पाणी तलाव व विहिरींत साठवून स्वतःची पाण्याची गरज मोठ्या प्रमाणात भागवली आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या सान्निध्यातील उजाड जमिनीवर झाडी उभी केली. परंतु मुक्त विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी त्या झाडांच्या सावलीत बसून शिकत नाहीत. ते नोकरी, शेती व संसार सांभाळून आपापल्या गावी अभ्यास करतात. मग त्यांचा विद्यापीठ-परिसर कोणता?

रत्नागिरी तालुक्यातील पावस या गावाचे उदाहरण घेऊ. स्वामी स्वरूपानंदांच्या वास्तव्यामुळे हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे. या किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्यातील अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. या विसंगतीचे कारण भूमीच्या रचनेत आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेले पाणी त्यातून झिरपते, उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि पऱ्यांवाटे अल्पावधीतच समुद्राला मिळते. पाणी भरपूर येते, पण थांबत नाही.

त्याला थांबवण्याचा एक साधा उपाय कोकणात रूढ आहे, तो म्हणजे वनराई बंधारा. पावसाळा सरल्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती वा वाळू भरून त्या वाहत्या पऱ्यात रचल्या जातात. अडलेले पाणी जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींची पातळी अधिक काळ टिकते. गावकरी आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी श्रमदानाने असे बंधारे बांधतात. खर्च नाममात्र असतो.

हा बंधारा पुढच्या पावसाळ्यात वाहून जातो, हा त्याचा दोष मानला जातो. लेखकाच्या मते त्याचे शैक्षणिक मोल नेमके इथेच आहे. वृक्षारोपणाचा समारंभ एका दिवसात पार पडतो. छायाचित्र निघते, अहवालात रोपांची संख्या नोंदवली जाते, आणि त्यांतली किती जगली हे मे महिन्यात कुणी विचारत नाही. बंधारा मात्र दरवर्षी नव्याने बांधावा लागतो. निसर्गाशी असलेले आपले नाते एकदाच पार पाडायच्या कर्तव्याचे नसून वारंवार करावयाच्या राखणीचे आहे, हे तो शिकवतो. गावाच्या सीमेवरील राखणदाराची कल्पना कोकणी माणसाला परकी नाही. राखणदार सदैव जागा असतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. ती जागरूकता आता माणसांनी स्वतःकडे घ्यायला हवी.

एकट्या विद्यार्थ्याच्या हाती काय आहे, असा आक्षेप येईल. तो निराधार नाही. सडा फोडून बाग करणारा जमीनमालक त्याच्या सांगण्याने थांबेलच असे नाही. तथापि गावच्या विहिरीची पातळी दरमहा मोजून वहीत लिहिणे, त्या नोंदी ग्रामसभेपुढे ठेवणे आणि दिवाळीच्या सुमारास चार शेजाऱ्यांना घेऊन एक पऱ्या अडवणे त्याच्या आवाक्यात आहे. तोंडी तक्रार विसरली जाते. तीन वर्षांच्या लेखी नोंदींकडे दुर्लक्ष करणे कठीण जाते.

मराठीच्या विद्यार्थ्यावर तर आणखी एक जबाबदारी येते. सडा, पऱ्या, कातळ, पाणवठा या शब्दांत पिढ्यांचे भूज्ञान साठलेले आहे. पऱ्या आटला, की काही काळाने तो शब्दही निरर्थक होतो. म्हणून भाषेचा अभ्यास आणि पाण्याची राखण ही दोन वेगळी कामे मानता येणार नाहीत. घरी बसून शिकणाऱ्याला आवार नसते हे खरे. पण परिसर असतो, आणि परीक्षा संपल्यावरही तो त्याच्याच स्वाधीन राहतो.